सासऱ्यांचं मेपल

३ मार्च, रविवार
सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्यांचं बुटकं जपानी मेपल तोवर आमच्या बाल्कनीत. आमच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी स्वतः कलम बांधलेलं, अजून वीतभरच. कुंडी आणि छाटणीची कात्री देताना बराच वेळ सांगत होते : जोडाच्या खाली फुटेल ते काढायचं, वरचं जपायचं. मी मान डोलावली. ऑफिसने मेंदूचा भुगा केलाय, पण झाडाला असा आकार देईन की हा माणूस एकदा तरी मला शाबास म्हणेल. आजवर म्हणालेला नाही.

४ मार्च, सकाळ
लवकर उठून झाडाचा अभ्यास करणार होतो. उठलो नाही. आळस नव्हे, कंबर.

१७ मार्च
बोन्सायचे तीन व्हिडिओ पाहिले. अडीच. तत्त्व समजलं : दयामाया न दाखवता छाटा. बायको म्हणाली, बाबांना फोन करून विचार. आजारी माणसाला कशाला त्रास?

२४ मार्च
सासऱ्यांच्याच कात्रीने छाटणी. मग तार गुंडाळून फांद्यांना वळण. दोन मोडल्या. तशाही मोडणारच होत्या.

१४ एप्रिल
वरची नखाएवढी पानं मलूल. मुळातच नाजूक प्रकृती असणार. बुंध्यातून मात्र एक कोंब आलाय, सरळ आणि तरतरीत. याला म्हणतात हातगुण. बायको म्हणाली, खालचं काढायला सांगितलं होतं ना? ते मरतुकड्या कोंबांबद्दल असावं. वाद घालायचं त्राण नव्हतं. झोपलो.

१२ मे
वरचं सगळं वाळलं होतं, कापून टाकलं. आता सुटसुटीत दिसतं. सगळी ताकद नव्या कोंबाला.

३० जून
कोंब हातभर उंच. पानं तळहाताएवढी. बोन्सायच्या मानाने जरा उंच, पण तब्येत पाहावी. ऑफिसात फोटो दाखवला. कॅशिअरने विचारलं, भेंडी का? सांगत बसलो नाही.

८ सप्टेंबर, संध्याकाळ
सासरे काठी टेकत आले. बाल्कनीत खुर्ची मागितली. चहा निवला तरी झाडाकडेच बघत होते. मग बुंध्यावरची जोडाची जागा बोटाने चाचपली. म्हणाले, बुटकं ते वरचं होतं, हे खालचं साधं झाड, आधाराला घेतलेलं. मी म्हणालो, पण जोम चांगला आहे. म्हणाले, आहे खरा. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

निघताना मी कुंडी उचलून दिली. नको म्हणाले, आता हे तुमचंच. दारापर्यंत जाऊन परत वळले. मला वाटलं, निदान आता तरी शाबास म्हणतील.

कात्री मागून घेतली आणि गेले.