पाण्याचं विरजण

ती. सिद्धेश्वरी आत्या यांस शिवपुत्रचा नमस्कार.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? (फोन केला नाही, कारण चंद्रव्वा मावशी शेजारीच बसल्या आहेत.)

मला डासांच्या कामावर घेतलं आहे, सहा महिन्यांच्या करारावर. आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांनी येतं, म्हणून दारोदारी बॅरल आणि बॅरलात डासांच्या अळ्या. माझ्याकडे एक भुकटी असते. तिच्यात जिवाणूंनी केलेलं विष असतं. अळी ते खाते, तिचं आतडं फाटतं, ती मरते. माणसाला काही होत नाही. पण 'विष' म्हणताच बायकांनी बॅरलांवर झाकणं ओढली. (घरात झाकणं होती, हे मला तेव्हा कळलं.) मग मी शब्द बदलला. चंद्रव्वा मावशींना म्हणालो, हे दह्याच्या विरजणासारखं समजा, त्यातही जिवाणूच असतात. "मग आधी सांगायचं की रे! विष विष काय करतोस?" दोन दिवसांत त्यांच्या अळ्या मेल्या. गल्लीत मावशींचं नाव झालं.

त्यानंतर पंधरा दिवस मला दुसऱ्या भागात पाठवलं. भुकटीचा जोर आठवडाभर टिकतो, हे सांगायचं राहून गेलं. आणि विरजण कोण संपू देतं? मावशींनी तळाचं तांब्याभर पाणी राखून नव्या पाण्यात घातलं. समोरच्या अनिसानं वाटी पुढे केली, तिला दिलं. तिनं पुढे दिलं. मी परतलो तेव्हा बावीस बॅरलांत अळ्या होत्या. (आधी नऊच बॅरलांत होत्या.) मावशींना दाखवल्या, तर म्हणाल्या, "जिवाणू हायत की. वळवळतंय म्हंजे विरजण जितं हाय. तूच सांगितलास न्हवं?" आता भुकटी टाकू देत नाहीत. जुनं विरजण चांगलं असताना नवं कशाला, असा त्यांचा प्रश्न आहे. शुक्रवारी साहेब बॅरल तपासणार आहेत. अळ्या दिसल्या तर माझा करार संपला.

बाकी सर्व क्षेम.

तुमचा
शिवपुत्र

ता.क. मावशी तुमच्याखेरीज कुणाचं ऐकत नाहीत. गुरुवारी या. त्या वरच्या मजल्यावर राहतात. गुडघ्याची चौकशी त्यासाठीच होती.

आणखी एक. मावशी आत्ताच म्हणाल्या की, गेल्या रविवारी त्यांनी एसटीच्या कंडक्टरकडून तुम्हाला माढ्याला एक बरणी पाठवली. (हे पत्रही त्याच्याकडेच देतो आहे.) ती बॅरलात ओतली असेल तर बॅरल रिकामा करा. आणि शेजारी कुणाकुणाला वाटी दिलीत, त्यांची यादी घेऊन या.