दोन्ही पक्ष गैरहजर

श्री. कैलास यांस,

तळेगावच्या अनंतरावांशी माझं लग्न ठरतंय. त्यांनी एकच मागितलं, आपल्या घटस्फोटाच्या निकालाची नक्कल. माझ्याकडे केस नंबरही नव्हता. वडगावच्या कोर्टातल्या बाईंनी आपली नावं आणि साल घालून तो शोधला, मी तिकीट लावून अर्ज दिला. आज कागद हातात आला.

त्यात निकाल नाहीच. सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा हजर राहायचं होतं ना, त्या तारखेला लिहिलंय : ‘दोन्ही पक्ष गैरहजर. अर्ज खारीज.’

बाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही अजून त्यांच्याच बायको आहात.”

अकरा वर्षं! मला वाटलं, तुम्ही जाऊन उरकलंत. तुम्हालाही माझ्याबद्दल तेच वाटलं असणार, नाहीतर पिंकीला लग्न करून औंढ्यात आणलं नसतं. आता मी नव्यानं अर्ज केला, तर तिचं लग्नच खोटं ठरेल. लेकरं आहेत तिला. नाही केला, तर अनंतरावांना काय दाखवू? आणि हे पत्र टाकावं, तर आधी तिच्याच हातात पडायचं.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. तारीख माझ्या चांगली लक्षात होती. त्या दिवशी कान्ह्याच्या स्टेशनवर वडगावचं तिकीट काढून बसले होते. एक गाडी सोडली, मग दुसरी सोडली. दुपारी उठून घरी आले. मला मोडायचं नव्हतं.

माझं सांगून झालं. अहो, तुम्ही का नव्हता आलात?

नंदा