मेट्रनबाईंना मृत समजावे

४ फेब्रुवारी

माननीय ग्रंथाधिकारी,
आरोग्य विभाग, तारकादल, कक्षा सात यांस,

सादर नमस्कार. आपण सगळे तिकडे कुशल असाल, निदान हवा तरी पुरत असेल, अशी आशा करते. तक्रार करतानासुद्धा आधी ख्यालीखुशाली विचारावी, असं आम्हांला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. विचारून झाली.

'यान ध्रुवा : सेवकवर्गासाठी सचित्र मार्गदर्शिका' हे आपलं पुस्तक शेजारच्या बाईंच्या सुनेने मला दवाखान्यात वाचायला दिलं. (मी दवाखान्यात का बसले होते, हा इथे प्रश्न नाही.) ही सून चांगली इंजिनीअर आहे, आणि तरी जे यान गोष्टीबाहेर कधी उडालंच नाही त्याच्या इंजिनाची चित्रं घरात भिंतीवर लावते. तिच्याकडून कळलं की असल्या पुस्तकांत सगळं खरंच असल्यासारखं छापायची पद्धत आहे. लेखक, चित्रकार, प्रकाशक, सगळे त्या यानावरचेच. खऱ्या माणसाचं नाव औषधालाही नाही. मग रुग्णालयाचं पान उघडून ती किंचाळलीच, "काकू, या तुम्हीच!"

"माझी भुवई अशी नाही," मी म्हटलं.

"आत्ता अगदी अश्शीच आहे, काकू."

चित्राखाली लिहिलंय : 'मेट्रनबाई. स्वभाव गंजक्या खिळ्यासारखा. यांच्या धाकाने अनेक रुग्ण मुदतीआधी बरे झाले. निवृत्तीनंतर संपर्क तुटला. मृत समजावे.'

मी आयुष्यभर इस्पितळात मेट्रन होते. रुग्ण मुदतीआधी बरे होत, ते स्वच्छतेमुळे. धाक वरकड होता. आपल्या यानात मात्र अख्ख्या वॉर्डात हात धुवायला एक बेसिन नाही. आणि वजनच नसलेल्या ठिकाणी सलाइनची बाटली उंच टांगून काय खाली येणार आहे? कपाळ? चित्रातल्या सहा हातांच्या रुग्णाचं ब्लडप्रेशर कुठल्या हाताला घ्यायचं, याबद्दल एक अक्षर नाही.

चित्रं ज्याने कोणी काढली आहेत, त्याचं नाव 'यानाची नकाशाकार, तिसरी श्रेणी' एवढंच दिलंय. ही बाई कोण, मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. तिला अंगठे काढता येत नाहीत, हे तिला लहानपणापासून सांगून माझा घसा कोरडा पडला.

पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी.

या पत्राचं पहिलं पाकीट पोस्टातल्या बाईंनी परत केलं. "मावशी, कक्षा सातला आमचा पोस्टमन जात नाही." म्हणून शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दडवलेल्या छापखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. पुस्तकावर नाव आपलं आहे, तेव्हा ऐकूनही आपणच घ्या.

आपली मुळीच विश्वासू नसलेली,
सेवानिवृत्त मेट्रन


२० फेब्रुवारी

माननीय ग्रंथाधिकारी यांस,

नमस्कार. आपलं उत्तर पोचलं. 'सूर्यावरील वादळांमुळे विलंब झाला' हे वाचून करमणूक झाली. आपल्या विभागात आळसाला हे नवं नाव दिसतंय.

बेसिनची चूक कबूल केलीत, बरं झालं. सहा हातांच्या रुग्णाला 'त्यालाच विचारून घ्यावे' हे उत्तर उद्धटपणाचं आहे, पण वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे.

अंगठ्यांबद्दल आपण लिहिता की नकाशाकाराने कळवलंय : 'अंगठा काढायला समोर हात धरणारं कोणीतरी लागतं. ते माणूस बरीच वर्षं समोर नाही.' तिला म्हणावं, आरसा नावाची वस्तू मिळते.

मृत्यूची नोंद बदलायची तर मेट्रनबाईंनी या महिन्याअखेर नकाशाकारापुढे जातीने हजर व्हावं, नाहीतर नवी आवृत्ती आहे तशीच छापायला जाईल, हा कुठला न्याय? मी हयात असल्याचे पुरावे हवे तेवढे आहेत. कालच जिना झाडणाऱ्या माणसाशी मी जे बोलले, ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं.

शिवाय त्या सुनेच्या चाहतेमंडळाने रविवारी मेट्रनबाईंसाठी शोकसभा ठेवली होती. सुनेने मला नेलं. मी तिसऱ्या रांगेत बसले. भाषणं बरी झाली, फक्त लांबली. एक दाढीवाले गृहस्थ, तब्बल वकील, अंगात यानाचा गणवेश, भाषण आटोपून माझ्या शेजारी बसले आणि रडायला लागले. मी त्यांना रुमाल दिला आणि नाक एका वेळी एकाच बाजूने शिंकरावं, असं बजावलं. त्यांनी वर पाहिलं, माझी भुवई पाहिली आणि हंबरडाच फोडला. नंतर सगळ्यांनी रांग लावून माझ्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. एवढ्या लोकांना मी जिवंत हवी आहे. आपल्या खात्याला काय अडचण आहे?

प्रत्यक्ष हजर राहणं मात्र जमणार नाही. कारण खासगी आहे.

आपली,
मेट्रन (सेवानिवृत्त, निधन पावलेली नव्हे)


२६ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पुरे झालं तुझं तारकादल. ग्रंथाधिकारी तूच, नकाशाकारही तूच. 'खासगी कारण सांगता येत नसल्यास मेट्रनबाईंना मृतच ठेवणे खात्यास भाग पडेल.' हे वाक्य लिहिताना तू जीभ बाहेर काढून बसली असशील. लहानपणी माझ्या वहीतल्या चित्रांना मिशा काढतानाही अशीच बसायचीस. पहिल्या पत्रातच तू मला ओळखलंस आणि मीही पुस्तकाच्या पहिल्याच चित्रात तुला ओळखलं होतं. मग उगाच सूर्यावरच्या वादळांना कशाला कामाला लावायचं?

आईच्या आजारपणात कोण जास्त राबलं, यावरून आपलं फाटलं. त्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तुझंही बदललं नसेल. बदललं असलं तर तू माझी बहीण नव्हेस. ते मत राहू दे. मतं घरात राहतात, माणसं का जाऊ द्यायची?

आता खासगी कारण. माझा उजवा गुडघा गेला आहे. जिना उतरताना रेलिंग धरून उलटी उतरते, खेकड्यासारखी. शोकसभेत मी तिसऱ्या रांगेत बसले, कारण त्यापुढे चालवेना. येत्या गुरुवारी सकाळी सांधा बदलणार आहेत. आमच्याच जुन्या इस्पितळात. मी आरडाओरडा करून शिकवलेल्या मुली आता तिथे सिस्टर आहेत. त्या बदला घेणार नाहीत एवढ्या गुणी आहेत, हेच माझं दुर्दैव.

सर्जन म्हणाला, "मॅडम, तुम्हांला काय सांगायचं? तुम्हांला सगळं माहीतच आहे." मी म्हटलं, "हो, माहीत आहे." तिथेच तर सगळं बिनसलं, बारके. मला सगळं माहीत आहे. भूल देताना छातीवर कसला दाब येतो, कोण हसत आत जातं, बाहेरच्या बाकावर कोणी बसलेलं नसलं की सिस्टर आपापसांत कशा बघतात, सगळं. हजारो माणसांना मी "काही होत नाही हो" म्हटलं. मला म्हणायला कोणी नाही. शेजारची सून येते म्हणाली, गोड पोरगी आहे. पण ती मला धीर देताना इंजिनाची उदाहरणं देते.

मला तू हवी आहेस. झालं लिहून.

येताना यानाची हवी तेवढी कामं आण. बाकावर बसून काढ. मी शुद्धीवर आले की दोन्ही हात चादरीबाहेर ठेवीन. हलणार नाही, हलताच येणार नाही. हवे तेवढे अंगठे काढ. नवी आवृत्ती आठवडाभर थांबव. खिळा म्हटलंस तरी चालेल, 'गंजका' तेवढं खोडून टाक.

इस्पितळात भेटायची वेळ संध्याकाळी चार ते सहा. ती पाळायला मी मंत्र्यांनासुद्धा लावली आहे. तू वेळ बघू नकोस. केव्हाही ये, आणि कोणी अडवलंच तर सांग, मेट्रनने बोलावलंय.

वाट बघणारी,
ताई