एकशे वीस गुण कमी

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा कवळ्या बनवणे (चार वर्षांपासून बंद), हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छाती मात्र ठिकाणावर नाही. पन्नास वर्षं प्लास्टरची आणि अ‍ॅक्रिलिकची धूळ नाकातोंडात गेली, तिने आत बस्तान मांडलं आहे. डॉक्टर म्हणाले, "लिहायचं असेल ते आताच लिहून घ्या." किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी बोलत तरी असायला हवं.

दोन महिन्यांपूर्वी मी एक मसुदा केला होता, तो रद्द समजावा. का रद्द, ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. राहतं घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची माझी कामाची खोली, मुलाला द्यावं. तो इथेच राहतो, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून विमा कंपनीचं काम करतो. घरात माझ्या बायकोचा निम्मा वाटा होता. ती गेल्यावर मुलीने आपलं हक्कसोडपत्र करून दिलं. वाचलंही नाही. "कुठे सही करू?" एवढंच विचारलं.

कलम दोन. हत्यारं. मेण कोरायची सुरी माझा मित्र नकाशेवाला याला द्यावी. तो नगररचना खात्यात नकाशे काढायचा, म्हणून हे नाव. मला तो कवळ्या म्हणतो. बाकी सगळं, घासायची मोटर, साच्यांचे डबे, पॉलिशची चाकं, भंगारात घालावं. आता कवळ्या यंत्रातून छापून निघतात आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बऱ्या बसतात. फडताळात वरच्या कप्प्यात एक पूर्ण कवळी आहे, ती चौकातल्या दातांच्या डॉक्टरांना नेऊन द्यावी. त्यांनी ती "बसत नाही" म्हणून तीनदा परत पाठवली. माप त्यांनीच चुकीचं घेतलं होतं. चौथ्यांदा केली तोवर पेशंटच गेला. तेवीस वर्षं मी हे गिळून आहे, आता त्यांनी सांभाळावी.

कलम तीन. बँकेत जे असेल त्यातून दवाखाना भागवावा, उरलं तर दोघा मुलांत निम्मं निम्मं. उरणार नाही.

कलम चार. माझा ताफा.

कामाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात अंतराळ-जहाजं आहेत, एकूण एकोणचाळीस. सगळी मी कवळ्यांच्या उरलेल्या अ‍ॅक्रिलिकमधून ओतली. रंग उडाला की खालून हिरड्यांचा गुलाबी दिसतो. खेळाचे नियम नकाशेवाल्याचे. टेबल म्हणजे अवकाश, फूटपट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकून तोफा डागायच्या. प्रत्येक जहाजाला गुण ठरलेले. दोघांनी पंधराशे गुणांत आपापला ताफा निवडायचा. सगळी अक्कल या निवडीत. नुसती मोठी जहाजं घेतली तर लहानांचा घोळका मागून येऊन फाडतो. नुसती लहान घेतली तर एका तडाख्यात सफाया. समतोल ताफ्यात मार खाणारं एक मोठं जहाज हवं, तीनशे गुणांचं. वळसा घालणारी चपळ हवीत. मोठ्याला जपणारी राखणी दोन तरी हवीत, प्रत्येकी चाळीसची. आणि एक टेहळ्या, तोही चाळीसचाच. त्याच्याकडे तोफ नसते, पण पुढचं तोच पाहतो. तो नसला तर तुम्ही अंधारात दगड मारत बसता.

मुलं लहान असताना रविवारी दुपारी हाच खेळ. मुलगी अकराची, मुलगा तेराचा. मुलगी हटकून जिंकायची. मुलगा बोलताना अडखळायचा, शाळेत पोरं चिडवायची, आणि घरी येऊन धाकट्या बहिणीकडून हरायचा. ताट सरकवून उठायचा. माझ्याने बघवेना. दोघांच्या याद्या मीच करायचो. तिच्या यादीत मी मोठ्या जहाजापुढे तीनशेऐवजी चारशे वीस लिहायला लागलो. ती बेरीज दरवेळी पडताळायची, आणि बेरीज बरोबर पंधराशेच यायची. मोठ्याचे गुण आता वाढलेत, असं मी तिला सांगितलं होतं, आणि भावाचा कागद तिने कधी पाहिला नाही. पाहील कशाला, याद्या बाबांनी केलेल्या. एकशे वीस गुण गेले, म्हणजे तिची दोन राखणी आणि टेहळ्या गेला.

ती हरायला लागली. मुलगा जिंकला की संध्याकाळभर न अडखळता बोलायचा. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी ते ऐकायचो आणि मला वाटायचं, केलं ते योग्यच केलं. बायकोच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "अहो, पोरीला कळलं तर काय तोंड दाखवाल?" मी म्हणालो, "ती खमकी आहे, तिला काय होतंय."

दोन वर्षं हे चाललं. मग तिने खेळणं सोडलं. पुढे कॉलेजात तिच्या सरांनी तिला विमान-आरेखनाच्या प्रवेशपरीक्षेला बसायला सांगितलं. ती माझ्याकडे आली. "बाबा, मला बेरजा जमतात. पण पुढचा विचार करायचं डोकं माझ्याकडे नाही, हो ना? तुम्ही तर बघितलंय." मी हातात कवळी घासत होतो. मी मान डोलावली. मोटर बंद केली असती तरी पुरे होतं. ती एका गोदामाच्या कचेरीत मालाची नोंद ठेवायला लागली, अजून तिथेच आहे.

तिची आई गेली तेव्हा कपाट आवरताना तिला जुन्या याद्या सापडल्या, दोघांच्या एकत्र टाचलेल्या. मी कागद फेकत नाही. ती म्हणाली, "बाबा, हे काय आहे?"

"लिहिताना चूक झाली असेल गं."

"सत्तावीस कागदांवर?"

त्याच दिवशी तिने हक्कसोडपत्रावर सही केली आणि परगावी तिच्या घरी निघून गेली. त्याला आठ वर्षं झाली. तिला काय वाटलं असेल, याचा विचार मी रोज करतो, आणि रोज अर्ध्यावर सोडून देतो.

पहिल्या मसुद्यात मी ताफा दोघांत वाटला. अशा दोन याद्या केल्या, की भाऊबहिणींनी कधी समोरासमोर बसायचं ठरवलं तर बसता यावं. सगळी कबुलीही लिहिली आणि मुलीला टपालाने पाठवली. मला तिची माफी हवी होती. मृत्युपत्रात आपण काय देतो ते लिहायचं असतं, पण मी मागायलाच बसलो होतो.

बाराव्या दिवशी तिचं उत्तर आलं. इथे जसंच्या तसं उतरवतो:

"बाबा, यादी पडताळली. माझं मोठं जहाज तुम्ही एकशे ऐंशीला लावलंय. ते तीनशेचं आहे. या वेळी मला एकशे वीस जास्त दिलेत. हे दादाला सांगितलंत का? तुम्हाला कोणालाही सरळ खेळू देता येत नाही. मला त्यातलं काही नको."

ते मी जाणूनबुजून केलं होतं. फेड म्हणून. ती पडताळणार नाही असं मला पुन्हा एकदा वाटलं, याची लाज वाटते.

त्या दिवशी मी मुलाला टेबलाशी बसवलं आणि दोन्ही वेळचं सगळं सांगितलं. त्याने लॅपटॉप मिटला.

"मला माहीत होतं, बाबा. तिसऱ्या का चौथ्या रविवारी तिची यादी बघितली होती मी."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही किती खूश व्हायचात."

मी म्हणालो, "पण तू जिंकलास की सरळ बोलायचास. मी स्वतः ऐकलंय."

"पाठ करून बोलायचो. दुपारीच वाक्यं ठरवून ठेवायचो, तुम्ही दारात येऊन ऐकता म्हणून." मग तो म्हणाला, "त्यानंतर मला कशातच जिंकल्यासारखं वाटलं नाही."

हे सांगतानाही तो तीन ठिकाणी अडखळला. मी इथे सरळ लिहिलं आहे.

म्हणून पहिला मसुदा रद्द. माझा हात आता कोणत्याही यादीला लागू नये. दोन्ही याद्या नकाशेवाल्याने नव्याने केल्या आहेत, त्या सोबत आहेत. त्याला एका डोळ्याने दिसत नाही, तरी भिंग लावून चार दिवस बसला. मला म्हणाला, "कवळ्या, समतोल झाल्यात रे. पण खेळणार कोण?" मी त्याला सांगितलं, कोणी नाही. मुलीने आपला वाटा घेतला नाही, तर तो तिच्या नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवावा. मुलाला कपाट अडचणीचं वाटलं तर त्याने ते काढून टाकावं, त्याच्यावर माझी सक्ती नाही. त्याच्यावर मी पुरेशी मेहरबानी करून ठेवली आहे.

कलम पाच. माझ्यामागे कोणी माझ्याविषयी चांगलं बोलू लागलं, तर मुलांनी तिथे थांबायची गरज नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे. इथून पुढे मी यात काही बदलणार नाही, बदलण्यासारखं माझ्या हातात काही राहिलेलं नाही.

सही करणारा (कवळ्या बनवणारा)

साक्षीदार पहिला, डॉक्टर: यांनी माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत सही केली.

साक्षीदार दुसरा, नकाशेवाला: माझ्यासमोर सही केली. दोन्ही याद्या मी तपासल्या, दोन्हींची बेरीज पंधराशे, प्रत्येक जहाज खऱ्या गुणाला लावलेलं. सहीच्या वेळी मुलगा शेजारच्या खोलीत होता. मुलीला आजचा दिवस आणि वेळ मी स्वतः फोनवर कळवली होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही केल्यात ना याद्या, मग बरोबरच असतील, मला पडताळायची गरज नाही," आणि फोन ठेवला. हे मी कवळ्याला अजून सांगितलेलं नाही.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
तारीख: ९ नोव्हेंबर २०२३, गुरुवार