डिझेलवरचा चार्जर

मंगळवार, मे २००९. पेठ वडगाव.

बायकोच्या पाटल्या मोडून गॅरेजात बॅटरीच्या स्कूटरींसाठी चार्जर बसवला. आज अनुदानाचे साहेब तपासणीला आले आणि नेमकं लोडशेडिंग! चार्जर बंद दिसू नये म्हणून मी मागं डिझेलचा जनरेटर लावला. कुठली अवदसा आठवली मला? साहेबांना धूर दिसला.

"पावणं, धूर नको म्हणून तर सरकार पैसं देतंय की!" म्हणाले, आणि नामंजूर करून गेले.

त्यांची जीप वळली आणि लाइट आली.

"लाइट न्हाय, एवढं सांगायचं की," बायको म्हणाली. पाटल्यांचं नावही काढलं नाही तिनं. भांडली असती तर बरं झालं असतं.

धुराचा वास मारणारा माझा शर्ट ती आत्ता धुतेय. हातात नुसत्या काचेच्या बांगड्या वाजतायत.