माझ्या अर्जातला ‘सबब’

माय, मला तुझा हेवा वाटतो. तू जाऊन दहा वर्षं झाली. गेलेल्या माणसाची आठवण यावी, डोळे भरावेत, ते सगळं होतंच. पण त्याच्या खाली हे दुसरं काहीतरी बसलेलं आहे आणि ते वर्षागणिक वाढतंय. मी बी.ए. झाले तेव्हा आपल्या वस्तीतल्या बाया घरी आल्या होत्या. पेढा तोंडात टाकून त्यांनी मला जवळ घेतलं आणि दुसऱ्या मिनिटाला तुझी गोष्ट काढली. जाताना थोरली काकू बाबांना म्हणाली, “पोरगी शिकली, बरं झालं. पण मायसारखी बोलते का?” बाबा हसले. मी आत जाऊन ताटल्या विसळत बसले.

ती गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. तू शाळेत खिचडीच्या कामाला मदतनीस होतीस. मदतनीस म्हणजे लाकडं आणायची, भाताचे मोठाले गंज घासायचे आणि तांदळाला हात लावायचा नाही, कारण आपल्या हातचं काही घरांच्या पोरांना चालत नव्हतं. कुणी तसं लिहून दिलेलं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं एवढंच. ग्रामसभेत हे बोलणार असं तू ठरवलंस तेव्हा मी आठवीत होते. आदल्या संध्याकाळी मी तुला शिकवायला बसले. ‘मले’ म्हणू नको, ‘मला’ म्हण, लोक हसतात. तू दोन-तीनदा म्हणून पाहिलंस आणि सूप बाजूला ठेवलंस. “‘मला’ म्हटलं का मले वाटते, दुसऱ्या कोणाचं दुखून राह्यलं,” असं म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात सभा भरली आहे, तू पदर खोचून उभी आहेस, हाताला गंज घासल्याची राख तशीच आहे. मी खांबामागे. तू पहिल्यांदा तोंड उघडतेस तेव्हा मागची माणसं हसतात आणि मला वाटतं, सांगितलं होतं ना. मग तू म्हणतेस, “माह्या हातचा भात नाई चालत म्हणता. मंग रोवणा काऊन चालते माह्या हातचा?” कुणी हसत नाही. त्या वऱ्हांड्यात बसलेल्या एकूण एक शेतकऱ्याच्या बांधीत तू चिखलात वाकून धानाची रोपं लावलेली आहेत, आणि ते सगळे आपापल्या पायाकडे बघताहेत. पुढच्या आठवड्यात तू भात वाढलास. त्या वर्षी दोन घरांनी तुला रोवण्याला बोलावलं नाही, हेही मला आठवतं, पण ते बाया सांगत नाहीत.

आता माझं ऐक. मी गडचिरोलीकडे एका आश्रमशाळेत कंत्राटावर शिकवते. कंत्राट दर जूनला नवं होतं. इथल्या वसतिगृहात मुली आपसात गोंडीत बोलल्या तर अधीक्षकबाई त्यांना जेवणाच्या वेळी बाहेर उभं करतात, सगळ्यांचं होईपर्यंत. ‘जंगलातून आणलेल्या’ म्हणतात त्यांना. मी वरच्या कार्यालयाला अर्ज लिहिला. माझं नाव घातलं नाही, खाली ‘आपल्या नम्र विद्यार्थिनी’ एवढंच. चार वेळा लिहून काढला, एकही काना-मात्रा चुकू दिली नाही.

तो वरून फिरून आमच्याच मुख्याध्यापकांकडे आला. त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर मोठ्यानं वाचला. “‘सबब, आपण सखोल चौकशी करावी.’ आयकलं का? ज्या पोरींले वरण मागता येत नाई मराठीत, त्या सबब लिहून राह्यल्या.” सगळे हसले. मीही हसले, माय. चौकशीला साहेब आले, त्यांनी मुलींना विचारलं, हे तुम्ही लिहिलं का? मुलींनी खरं तेच सांगितलं, नाही लिहिलं. त्यामुळे आता अर्ज खोटा आणि उभं करणंही खोटं. सोमवारी शेवटची सुनावणी आहे. लिहिणारं माणूस समोर आलं नाही तर फाईल बंद होईल. तेव्हापासून मुली जेवताना आपसात बोलतच नाहीत. सातवीतली एक रोज माझ्या वर्गाच्या दारात थांबायची, गोंडीतले शब्द मला शिकवायची, माझ्या उच्चाराला हसायची. परवा ती मला पाहून शुद्ध मराठीत “नमस्कार मॅडम” म्हणाली आणि खाली बघून निघून गेली.

मी बरेचदा स्वतःची समजूत घातली की तुझ्यापाशी गमवायला काही नव्हतं, माझ्यापाशी नोकरी आहे. पण तुझ्यापाशी दोन घरांचा रोवणा होता आणि खायला आम्ही चार तोंडं होतो. तुला कुणी शिकवलं नाही आणि तुला जमलं. मला तुम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलं आणि मी ‘सबब’ लिहिलं. याचाच हेवा आहे.

आज दुपारी कार्यालयात जाऊन सुनावणीच्या यादीत मी माझं नाव लिहून आले. बाबूनं वर पाहिलं, मग नाव पुन्हा वाचलं. सोमवारी काय बोलणार ते अजून ठरलेलं नाही, लिहून मात्र नेणार नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट यात सांगून टाकते. मी त्या मुलींसाठीच उभी राहणार आहे, ते खरं आहे. पण यादीत नाव लिहिताना माझ्या मनात आधी मुली आल्या नाहीत. आधी हे आलं की कधीतरी आपल्या वस्तीतल्या बाया तुझी गोष्ट सांगून झाल्यावर थांबतील, आणि माझी सांगतील.