तुझं तू बघ

ती. बाबांना वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. होस्टेलची खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर मिळतं. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासते. तुमची बोलताना टकटक करते ना, ती माझ्या हाताखाली आली तर दहा मिनिटांत नीट बसवीन. आईचा गुडघा कसा आहे?

शनिवारी लॅबला उत्तर द्यायचंय. इथेच राहिले तर नोकरी कायम होईल, पण शिक्षण संध्याकाळच्या वर्गात, चार वर्षं. दुसऱ्या शहरात दिवसाचं कॉलेज, दोनच वर्षं, पण काम अर्धवेळ आणि ओळखीचं कुणी नाही. फोनवर हे सगळं सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "तुझं तू बघ."

बाबा, हे कुठल्या अर्थाने म्हणालात? दादाने गॅरेज टाकलं तेव्हा हेच म्हणालात, पण तुमचा हात त्याच्या पाठीवर होता. ताईने लग्न ठरवलं तेव्हाही हेच म्हणालात, आणि वर्षभर तिच्याशी अबोला धरलात. फोनवर हात दिसत नाही हो.

चार दिवस दोन्ही फॉर्म भरून टेबलावर पडलेत. काल मी एका कवळीत वरचे दात खाली बसवले. सगळे हसले, मीही हसले, आणि मग मला रडू आवरेना. हे आईला सांगू नका.

पुन्हा विचारायचा धीर होत नाही, म्हणून लिहितेय. पत्र मिळताच फोन करा. हात पाठीवर आहे, एवढंच सांगा.

शहर माझं मी बघते.

तुमचीच,
धाकटी